चपलांपाशी ठेवलेलं डोकं

सरांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. ‘तोंड’ म्हणायचे. जिना चढून आले की चपला काढता काढताच विचारायचे, "तोंड आलं का?" ऑफिसात कुणी नवं माणूस बसलेलं असलं तर ते दचकायचं. मी आपली "आले सर" म्हणून उठायचे. सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली. मग, खोटं कशाला बोलू, त्या हाकेचं थोडं कौतुकसुद्धा वाटायला लागलं. आता ऑफिस बंद पडून बरेच दिवस झाले आणि तो पहिला राग परत आलाय. यावेळी तो जायचं नाव घेत नाही.

ऑफिस जालन्याच्या मस्तगडात होतं, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर. खाली सोयाबीन-कपाशीच्या पिशव्यांच्या थप्प्या, बियाण्याला लावलेल्या औषधाचा उग्र वास, आणि वर आम्ही सात-आठ जण कॉम्प्युटरपुढे. दुकान मालकांचं, माडी मालकांची, कंपनीही त्यांचीच. काम काय करता हे मी माहेरी, सासरी, शेजारीपाजारी समजावून सांगून थकले होते. शेवटी डब्यावर आले. प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवायची पद्धत आहे, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. एका मशीनवर असे पुष्कळ डबे. एकातलं कालवण दुसऱ्यात सांडायला नको. डबे उघडणं, बंद करणं, सांभाळणं हे ज्या प्रोग्रॅमचं काम, तो रनटाइम. त्याची झाकणं खरंच घट्ट बसतात का, हे तपासायची अवजारं असतात. ती कुणा एकाच्या मालकीची नाहीत. जगभरची माणसं मिळून बनवतात, कुणीही फुकट घ्यावीत. पण घेतली तरी कोऱ्या मशीनवर मांडायची कशी? ते सांगणारा कागद सर लिहायचे. त्या कागदाबरहुकूम अवजारं मांडायची, गिऱ्हाइकाचा रनटाइम तपासायचा, पास झाला तर प्रमाणपत्र द्यायचं. हा मालकांचा धंदा.

मला नोकरी लागली ती घशामुळे. माझे वडील आष्टीला मास्तर. मुलाखतीला जाताना त्यांनी माझ्या बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या कागदांसाठी नवी फाइल आणून दिली होती. सरांनी ती उघडलीच नाही. भिंतीवर चिकटवलेला एक कागद काढून हातात दिला. "वाच. मोठ्यानं." मी वाचला. लहानपणापासून आष्टीच्या विहारात पौर्णिमेची वंदना मीच सांगायचे. पार मागं बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे, म्हणून वडिलांनी एकेक शब्द सुटा म्हणायला शिकवलं होतं. सर डोळे मिटून ऐकत होते. "उद्यापासून ये," म्हणाले. मी फाइल होती तशी घेऊन जिना उतरले.

वाचला तो कागद ऑफिसच्या मोरीतल्या नळाचा होता. ‘नळ डावीकडे फिरवा. आधी हवा येईल. घाबरू नका. थोड्या वेळानं पाणी येईल. आज पाण्याचा दिवस नसेल तर नंतरही हवाच येईल. नळ बंद करा.’ जालन्यात राहणाऱ्याला हे लिहून कशाला द्यायला पाहिजे, असं मालक विचारायचे. सर म्हणायचे, "पाव्हणा आला तं?"

‘घाबरू नका’ ही सरांची खास ओळ. त्यांच्या प्रत्येक कागदात ती कुठंतरी असायचीच. ‘आता बराच वेळ स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. घाबरू नका.’ ‘इथे लाल अक्षरं येतील. ती वाचा, पण घाबरू नका.’ उलट काही शब्दांशी त्यांचं हाडवैर होतं. फक्त, सोपं, आणि आपोआप. आम्ही कुणी लिहिलं, ‘आता फक्त हे बटण दाबा,’ की कागद परत यायचा. "फक्त म्हंजे काय? तुला सोपं वाटून राह्यलं म्हणून समोरच्याला सोपं झालं का? फक्त म्हणणारा माणूस आळशी असतो." हे त्यांचं मला तेव्हाही पटायचं, आजही पटतं. ती माणसाची लायकी होती. ती मी कमी करून सांगणार नाही.

लिहिलं तसंच करायचं, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं होतं. एकदा ऑफिसातल्या एकाच्या भावाच्या लग्नाला सर पत्रिकेवर छापलेल्या मिनिटाला मंडपात हजर झाले. मंडपात फक्त आचारी आणि दोन कुत्री. सरांनी मुहूर्ताच्या क्षणी रिकाम्या बोहल्यावर अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट खुर्चीवर ठेवलं आणि घरी जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी त्या पोराला म्हणाले, "लग्न बराबर टायमाला लागलं. तुम्ही लोकं लेट झाल्ते." (बघा, मीही ‘फक्त’ लिहून गेले. सर असते तर कागद परत आला असता.)

पुण्यात मोठ्या पगारावर होते म्हणे, ते सोडून परत आलेले. का, तर तिथं कागदावर एक आणि मशीनवर एक चालायचं. लग्न केलं नव्हतं. ऑफिसच्या मागच्याच गल्लीत थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो.

आता त्या खेळाबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. सर त्याला आंधळी कोशिंबीर म्हणायचे. नवा कागद लिहून झाला की एक मशीन पार कोरं करायचं. (एकदा मालकांचाच लॅपटॉप कोरा केला. त्यात त्यांच्या बारशापासूनचे फोटो होते. "कोरं मशीन पाहिजे व्हतं, हे कोरं व्हतं न्हाई, म्हणून केलं," इतकंच म्हणाले.) मग दोन माणसं लागायची. एक तोंड, एक हात. तोंडानं कागद मोठ्यानं वाचायचा. हातानं ऐकलं तेवढंच करायचं. हात कुणीही चालायचा. कुरियरवाला, खालचा हमाल, बियाणं घ्यायला आलेला कुणी पाव्हणा. एकदा तर मालकांच्या आईला बसवलं होतं. मी एकेक अक्षर सांगायचे, "एस दाबा. यू दाबा. आता लांब पट्टी दाबा, खालची, सगळ्यात लांब." आणि आजी बोट उचलून आधी माझ्याकडं बघायच्या, मग दाबायच्या.

नियम दोनच. पहिला, डोकं चालवायचं नाही. "डोकं बाहीर चपलांपाशी ठिवून या," असं सर प्रत्येकाला बजावायचे. दुसरा नियम स्वतःसाठी. लिहिणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही. समोर असला की तो डोळ्यांनी खुणा करतो, खाकरतो, सांगून टाकतो. म्हणून सर कागद माझ्या हातात देऊन गॅलरीत जायचे, दार लावून घ्यायचे आणि रस्त्याकडं बघत उभे राहायचे. आत काय वाचलं जातंय हे त्यांना ऐकू यायचं नाही. ते माझ्यावर सोडलेलं असायचं.

हात कुठं अडला की मी गॅलरीचं दार वाजवायचे. सर पळत यायचे. "अडकलं? कुठं अडकलं?" आणि टाळ्या वाजवायचे, खरंच, लहान लेकरासारख्या. अडकणं हा त्यांचा सण. त्या हमालाला नाहीतर कुरियरवाल्याला खांद्याला धरून ते खाली भजी खायला घेऊन जायचे. "तुझ्यामुळं सापडलं, मर्दा!" भजी हाताला मिळायची. तोंडाला कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

एकच गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. एकदा अडकलेलं मशीन, कागदातलं एक अक्षरही न बदलता, दुसऱ्यांदा चाललं तर. असं माझ्यासमोर एकदाच झालं. सर जेवेनात. दाढी करेनात. मालक म्हणाले, "चाललं ना आता? आपोआप चाललं. विषय संपला." सर त्यांच्या अंगावर धावूनच गेले. "आपोआप काही व्हत न्हाई! कायतरी व्हतं जे कागदात न्हाई! काय व्हतं ते?" शेवटी सापडलं, आदल्या दिवशी लाइट गेली होती. ते सापडेपर्यंत माणूस अर्धा झाला होता.

मला डोकं होतं हो. मुद्दाम सांगावं लागतंय, कारण पुढं काय झालं ते ऐकाल. एकेक कागद वाचून वाचून मला आतलं कळायला लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्या तपासण्या उघडून बघायचे, कोणती तपासणी कोणतं झाकण ओढून बघते ते समजून घ्यायचे. एकदा कागद हातात पडताच दिसलं की दोन ओळी उलट्या क्रमानं आहेत. मी म्हणाले, "सर, ही ओळ आधी पाहिजे." सर भडकले. "तोंडानं इचार करायचा न्हाई! तोंडानं वाचायचं!" मी वाचलं. हात बरोब्बर तिथंच अडला. सरांनी टाळ्या वाजवल्या, ओळी बदलल्या आणि मला म्हणाले, "बघ, हातानं कसं सापडवलं!" मी दुसरा कागद उचलला.

घरी माझ्या नोकरीची गोष्ट एका धाग्यावर होती. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात, त्याची पाळी बदलती. सासूबाई स्पष्ट बोलून गेल्या होत्या, "जालन्यात हाय तवर कर. दिवे लागायला घरी. पुण्याबिण्याचं नाव काढायचं न्हाई." त्यामुळे ऑफिसातल्या बाकीच्यांना हे ऑफिस म्हणजे पुण्याला जायची पायरी होती. माझ्यासाठी तेच सगळं होतं. जालन्यात हे काम करणारी दुसरी जागा नव्हती. माडी बंद झाली की मी घरात.

आणि माडी बंद पडायला आली होती. गिऱ्हाईक येत नव्हतं. मालक दुकानाच्या जिवावर वरचं चालवत होते. अशात पुण्याची एक कंपनी आली. दवाखान्यांचे रिपोर्ट सांभाळायचं त्यांचं काम, रनटाइम त्यांनी स्वतः बनवलेला. प्रमाणपत्र मिळालं तर पुढची सगळी तपासणी जालन्याला देणार होते. मालकांनी पेढे आणायचे बाकी ठेवले होते.

आमच्या पहिल्या तपासणीत त्यांचा रनटाइम नापास झाला. सरांच्या कागदात एक ओळ होती: ‘मशीन पूर्ण बंद करा. पुन्हा चालू करा. मगच तपासणी लावा.’ मशीन असं बंद करून चालू केलं की त्यांचा रनटाइम उठताना सुरुवातीला थोडा वेळ झाकणं सैल ठेवायचा. तेवढ्या वेळात एका डब्यातलं दुसऱ्याला दिसायचं. बंद न करता तपासलं, तर सगळं हिरवं.

मालक म्हणाले, "सर, एक ओळ तर हाय. काढून टाका."

"काढतो. मशीन कधीच बंद पडणार न्हाई, असं ते लिहून देत असतील तर काढतो," सर म्हणाले. "जालन्याची लाइट बघितली का त्यांनी?"

"अहो, खाली माझ्या पिशवीला निळी चिठ्ठी असते, प्रमाणित बियाणं. न्हाई उगवलं तर शेतकरी जोडा घेऊन दुकानात येतो. म्हणून मी तिथं खोटं करत न्हाई. पण हितं कोण येणार हाय? कोणाला समजणार हाय?"

सर शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तं."

मला तेव्हा सरांचा अभिमान वाटला. हेही लिहून ठेवते.

शेवटी मालकांनी तडजोड काढली. पुण्याचे साहेब स्वतः येतील, स्वतः हात होतील, समोरासमोर पुन्हा तपासणी करू. सर खूश. कागद तोच, नियम तेच. आणि त्या दिवशी सकाळी मी जिना चढत असताना मालक मधल्या पायरीवर उभे होते. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, ती बंद-चालूची ओळ. वाचताना नजर घसरते माणसाची. घसरली तर घसरली. साहेबांना माहीत हाय. सर तर गॅलरीत असतेत." मी वर जायला पाऊल उचललं. "ऑफिस राहिलं तर तुम्ही राहता. मी तुमच्या घरचं जाणून हाय ना. बाकीची पोरं कुठंबी जातील. तुम्ही कुठं जाणार?"

खरं तेच बोलत होते. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

सरांनी कागद दिला. "डोकं चपलांपाशी," मला आणि साहेबांना म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन दार लावलं. साहेब खुर्चीत बसले. मालक भिंतीला टेकून. मी वाचायला लागले. साहेबांचा हात सराईत होता, भराभर चालत होता. ती ओळ दुसऱ्या पानाच्या मध्यावर होती. पान उलटलं तेव्हाच मला ती दिसत होती. मालक खाकरले.

त्या क्षणी माझं डोकं चपलांपाशी नव्हतं. जागेवर होतं आणि भणभणत होतं. सासूबाई दिसत होत्या. संध्याकाळचा स्वयंपाक दिसत होता, दुपारच्या मालिका दिसत होत्या, नवी फाइल आणणारे वडील दिसत होते. आणि कुठल्यातरी दवाखान्यात, लाइट जाऊन आल्यावर, कुण्या बाईचा रिपोर्ट कुण्या भलत्याच माणसापुढं उघडलेला दिसत होता. झाकण सैल आहे हे मला माहीत होतं. ऐकीव नाही. ती तपासणी मी स्वतः उघडून समजून घेतली होती. मी ठरवलं. कुणाच्या नियमानं नाही. मी ठरवलं आणि आष्टीच्या विहारात म्हणायचे तसं, एकेक शब्द सुटा, वाचलं.

"मशीन पूर्ण बंद करा."

साहेबांचा हात थांबला. त्यांनी मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसून म्हणाले, "मॅडम, हे गरजेचं आहे का?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

मशीन बंद झालं, चालू झालं, तपासणी लागली, आणि लाल अक्षरं आली. मी उठून गॅलरीचं दार वाजवलं. सर पळत आत आले. "अडकलं?" आणि टाळ्या! मालकांचा चेहरा राखेसारखा झालेला, साहेब लॅपटॉप मिटून उठलेले, आणि सर टाळ्या वाजवत साहेबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणतायत, "चला, भजे खाऊ. तुमच्यामुळं सापडलं!" साहेब भजी न खाताच पुण्याला गेले.

दिवाळीनंतर माडी बंद झाली. आता तिथं बियाण्याचंच गोडाऊन आहे. बाकीचे सगळे पुण्याला लागले, व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो दिसतात. त्या कंपनीनं दुसरीकडून प्रमाणपत्र आणलं, त्यांच्या जाहिरातीत मी ते बघितलं, गोल, निळं, छान. पुढं त्यांचं काही बिघडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. कुणाचा रिपोर्ट कुणाला दिसला असेल तर त्या माणसालाही कळलं नसेल. मालक म्हणाले होते तसंच, जोडा घेऊन कुणी आलं नाही.

मी वर्षभर घरी होते. काय सांगू, भांड्यांचा आवाजसुद्धा नको व्हायचा. आता घराजवळच्या एका क्लासमध्ये तासिकेवर पोरांना टायपिंग शिकवते. "लांब पट्टी दाबा," दिवसभर तेच. सर एकदाही विचारायला आले नाहीत, की पोरी, काय करून राह्यलीस. मालकांनी मला जिन्यात काय सांगितलं होतं, ते मीही कुणाला सांगितलं नव्हतं. वाटायचं, सरांना ते आतून माहीतच असणार. इतका माणूस ओळी वाचणारा, त्याला एवढंही वाचता येत नसेल का?

मग मागच्या महिन्यात ऑफिसातल्या जुन्या पोरानं एक व्हिडिओ पाठवला. पुण्यात असल्या अवजारांवर काम करणाऱ्यांचा मेळावा होता. सर स्टेजवर. तोच चौकड्यांचा शर्ट. प्रमाणपत्र नाकारल्याची गोष्ट सांगत होते, आणि सभागृह गप्प होऊन ऐकत होतं. मला भरून आलं. मी नवऱ्याला हाक मारली, "इकडं या, आमचे सर बघा." तो टॉवेलनं हात पुसत येऊन उभा राहिला.

सर म्हणाले, "आता विचाराल, वाचणारानं ती ओळ गाळली असती तं? बराबर सवाल हाय. आमच्याकडं वाचायला एक पोरगी व्हती. साधी पोरगी. तिला बिलकुल डोकं न्हाई, म्हणून तं मी तिला ठिवलं व्हतं! थोडी जरी अक्कल असती, तर तिनं ती ओळ गाळून स्वतःची नोकरी वाचवली असती. न्हाई का?" सभागृह हसलं. सरही हसले. "म्हणून सांगतो, कागद लिहिणाऱ्याला डोकं पाहिजे. वाचणाऱ्याला नसावं."

टाळ्या. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला. त्यानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

पुढच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले. काय काय बोलायचं ते रिक्षात मनातल्या मनात घोकत होते. एकेक शब्द सुटा. अक्कांनी दार उघडलं. "आलीस का माय! किती वाळलीस!" मी चपला काढत होते तोवर आतून आवाज आला.

"कोण, तोंड आलं का? लई बरं झालं! अक्का, हात धुऊन ये. कागद तयार हाय."

बसा नाही, पाणी नाही. अवजारांची नवी आवृत्ती आली होती, तिचा मांडणीचा कागद सरांनी लिहून ठेवला होता, टेबलावर कोरं मशीन होतं, आणि कितीतरी दिवसांपासून त्यांना वाचणारं कुणी मिळत नव्हतं. कागद माझ्या हातात कोंबून ते गॅलरीत गेले सुद्धा. दार लागलं. मी जे घोकून आले होते ते तसंच राहिलं. अक्का पदराला हात पुसून खुर्चीत बसल्या आणि एक बोट उचलून माझ्याकडं बघायला लागल्या.

मी वाचायला लागले. चांगला कागद होता. सरांचा कागद वाईट कसा असेल? ‘इथे वेळ लागेल. घाबरू नका.’ अक्का दाबत होत्या, मी सांगत होते, एस, यू, लांब पट्टी. दुसरं पान उलटलं. ‘मशीन पूर्ण बंद करा. पुन्हा चालू करा. मगच तपासणी लावा.’ तीच ओळ, तशीच्या तशी. या नव्या आवृत्तीत ती केली नाही तर तपासणी सुरूच होणार नाही, हे मला वरच्या ओळी वाचतानाच कळलं होतं.

मी ती ओळ गाळली. त्याच आवाजात पुढची वाचली. अक्कांनी पुढचं दाबलं.

लाल अक्षरं आली. मी दार वाजवलं. सर पळत आले, "अडकलं? अडकलं!" आणि टाळ्या. मग खाली वाकून लाल अक्षरं वाचली, कागद घेतला, बोट ठेवून ओळ न् ओळ बघितली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "हे कामून झालं? हे व्हायला नको. कागदात तर सगळं हाय." पुन्हा पहिल्यापासून बोट. "कायतरी ऱ्हायलं लिहायचं. काय ऱ्हायलं?"

अक्का म्हणाल्या, "पोरीनं एखादी ओळ तं गाळली न्हाई ना?"

सर कागदातून मान वर न करता हसले. "ती? तिला गाळता आलं असतं तर ऑफिस बंद पडलं असतं का!"

मी उठले. "येते अक्का," म्हणाले. अक्का चहासाठी थांब म्हणत होत्या, सरांना मी निघाल्याचं कळलंही नव्हतं. दारात चपला घातल्या. खाली रस्त्यावर आले तरी वरून त्यांचा आवाज ऐकू येत होता, स्वतःच मोठ्यानं वाचत होते, पहिल्या ओळीपासून. ते मशीन पुन्हा कोरं करतील. अक्कांना पुन्हा बसवतील, तोंड स्वतःच होतील. ती ओळ कागदावर आहेच, या वेळी ती वाचली जाईल आणि मशीन चालेल, एक अक्षर न बदलता. मग ते जेवणार नाहीत, दाढी करणार नाहीत, काय राहिलं ते शोधत बसतील. कागदात सगळं शोधतील. मला मात्र कधी विचारणार नाहीत.